भोंग्याचे दात

वरच्या मजल्यावर ताट भिंतीवर आपटलं आणि खाली दुकानात मावशींचा उजवा हात आपसूक गोळ्यांच्या बरणीत गेला. डाव्या हातानं त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. गल्ल्यापाशी मास्तर उभे होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना वेळच वेळ होता, आणि ते साबणाच्या दोन वड्या आलटूनपालटून नाकाशी धरून कोणती घ्यावी ते ठरवत होते.

"काय पडलं हो, मावशी?"

"भांडं. सुनेच्या हातात काही टिकत नाही."

"हं," म्हणून मास्तरांनी पुन्हा वडी नाकाला लावली.

अख्ख्या गल्लीची ही मावशी, आणि अख्ख्या गल्लीला हे उत्तर पाठ होतं. इतकी भांडी खरोखरच पडली असती तर त्या घरात पाणी प्यायला धड पेला उरला नसता. पण लोक विचारत, मावशी सांगत, लोक मान डोलावत आणि ज्याचा त्याचा साबण ज्याच्या त्याच्या घरी जाई. कुणाचं काही अडत नव्हतं.

वर आता बोलणं थांबून मार सुरू झाला होता. पहिली चपराक कोरडी वाजली. दुसरी तशी वाजली नाही, कुठंतरी मऊ जागी बसली असावी. मग कपाटाची दारं खडखडली, म्हणजे सून कपाटावर जाऊन आदळली. मावशींना हे सगळं न बघता कळायचं. रेडिओवरची बाई हसून हसून हवामान सांगत होती.

जिन्यावर पावलं वाजली. भोंग्या अनवाणी धावत खाली आला, आजीच्या पुढ्यात उभा राहिला, डोळे मिटले आणि आ केला. मावशींनी लिमलेटची गोळी नातवाच्या जिभेवर ठेवली आणि हनुवटीखाली बोट लावून त्याचं तोंड मिटवलं.

"चोख. संपेपर्यंत रडायचं नाही."

भोंग्यानं मान हलवली. त्याचा गाल एका बाजूनं टुम्म फुगला आणि तो साखरेच्या पोत्यावर बसून वरचे आवाज ऐकत राहिला. गोळी विरघळायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात बहुधा वरचंही आटपे. नाही आटपलं तर दुसरी गोळी.

भोंग्या हे नाव बापानंच ठेवलं होतं. जन्मल्याबरोबर पोरानं असं काही भोकाड पसरलं की ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं, आणि बाप छाती फुगवून म्हणाला, ट्रकचा भोंगा आहे माझा! बापाला सगळे उस्ताद म्हणत. हे नाव गॅरेजवाल्यांनी दिलेलं, आणि ते त्यानं आपल्या हातानं कमावलं होतं. ठोकर बसून चेपलेला गाडीचा पत्रा तो आधी तळहातानं चाचपायचा, मग हातोडी अशी चालवायचा की पोचा कुठं होता ते गाडीच्या मालकालाही सापडू नये. दिवसभर परक्यांच्या गाड्यांचे पोचे काढायचे आणि घरी येऊन बायकोच्या अंगावर पाडायचे, असा त्याचा क्रम होता. दारूच्या थेंबाला तो शिवत नसे. त्यामुळे दारूच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नव्हती.

पोर रांगत होतं तेव्हा असंच एकदा वर जुंपली आणि ते घाबरून किंचाळायला लागलं. उस्तादचा हात बायकोवरून उठला तो पोराकडे वळला. मावशींनी झडप घालून पोर उचललं, खाली पळत आल्या आणि हाताला लागेल ती गोळी त्याच्या तोंडात कोंबली. आवाज बंद झाला. वरचा हातही मग पोराला शोधत आला नाही. त्या दिवसापासून हा उपाय लागू पडला होता. भोंग्याला आता सहावं लागलं होतं आणि गल्लीत एवढं गुणी, गप्प पोर दुसरं नव्हतं. नाव तेवढं भोंग्या राहिलं. या गुणी असण्याचं श्रेय मावशी मनातल्या मनात स्वतःकडे घेत.

दुसऱ्या दिवशी भोंग्या उठला तो गाल सुजवूनच. गोळीनं फुगायचा त्याच बाजूचा गाल, पण आत गोळी नव्हती. हात लावला की अंग आक्रसून घेत होता. रडत मात्र नव्हता.

"आमच्या घराण्यात दातच नासके," उस्ताद म्हणाला. त्यानं पेल्यातून स्वतःची कवळी काढली, झटकली आणि टाळूला बसवली. चाळिशीही गाठली नव्हती आणि वरच्या हिरडीवर त्याचा स्वतःचा असा एकही दात उरला नव्हता. "माझंही असंच झालं होतं. दाखवून आण डॉक्टरला."

हे तो बायकोला म्हणाला नाही, आईला म्हणाला. सुनेचा डावा डोळा अजून उघडत नव्हता, ती बाहेर जाणार कशी? ती भिंतीकडे तोंड करून भांडी घासत राहिली. मावशींनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि नातवाला घेऊन निघाल्या.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. खुर्ची खालीवर करून त्यांनी भोंग्याला आधी एक झोका दिला.

"मी कोण आहे, माहितीये? डेंटिस्ट."

"माझे बाबापण," भोंग्या सुजल्या तोंडानं म्हणाला. "ते हातोडीनं करतात."

"गाड्यांचं डेंटिंग करतो हो माझा मुलगा," मावशींनी घाईघाईनं खुलासा केला. डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या, दिवा जवळ ओढला आणि आत पाहिलं, तेव्हा हसू मागं पडलं.

पुढचे वरचे दात हिरडीपर्यंत झिजून त्यांचे तपकिरी खुंट राहिले होते. खालच्या दाढांमध्ये खड्डे होते, आणि सुजलेल्या बाजूच्या दाढेखाली हिरडीवर पुवाची पुळी आली होती. बारीक दांडीच्या आरशानं त्यांनी एकेक दात पाहिला. भोंग्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"दुखत असणार खूप. किती शहाणा आहे हा!"

"आहेच," मावशी म्हणाल्या. "आणि दुधाचेच दात आहेत ना ते? पडायचेच आहेत."

"ही दाढ पडायला अजून बरीच वर्षं आहेत, आजी. आणि खाली पक्के दात तयार होताहेत, हा पू त्यांनाही बाधतो. तोवर तो खाणार कशानं? काय खातो हा?"

"दुधात बुडवून बिस्किटं. मऊ भात."

"गाजर? सफरचंद? अंडं तरी?"

"चावत नाही त्याला."

"चावत नाही म्हणून मऊ खायचं, मऊ आणि गोड खाऊन दात आणखी जायचे. आणि गोड? गोळ्या वगैरे?"

"कधीमधी एखादी," मावशी म्हणाल्या. "दुकानच आहे ना आमचं. फार नाही देत."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून समोर बसल्या. समजावून सांगायची त्यांना आवड असावी. "किती गोड खाल्लं हा प्रश्न नसतो, आजी. किती वेळा खाल्लं हा असतो. एकदाच मूठभर गोळ्या खाल्ल्या तर दाताला एकदाच मार बसतो. पण एकेक गोळी चघळत राहिली की दर वेळी तोंडात आंबटपणा तयार होतो, आणि तो बराच वेळ दाताला खात बसतो. मग लाळ त्याला धुऊन काढते, दात हळूहळू सावरतो. सावरतो न सावरतो तोच पुढची गोळी आली, की संपलं. त्याला सावरायला वेळच मिळत नाही."

मावशींना सुनेचा डोळा दिसला. मागच्या वेळचं त्या डोळ्याखालचं हिरवट पिवळं अजून पुरतं गेलं नव्हतं, आणि त्यावरच हे नवं काळंनिळं.

"म्हणून विचारते. किती वेळा देता? अंदाजानं सांगा. रोज? आठवड्यातून?"

दुकानात साबणाच्या किती वड्या शिल्लक आहेत ते मावशी झोपेतही सांगू शकल्या असत्या. इथं त्यांची दातखीळ बसली. बाई गोळ्यांबद्दल विचारत होत्या, पण हा सवाल गोळ्यांचा नव्हता. जे मावशींनी गल्लीला, मास्तरांना, स्वतःलाही कधी मोजू दिलं नव्हतं, ते या पोरीनं सरळ समोर बसून विचारलं होतं. आणि सगळा हिशेब समोरच्या तोंडात दिव्याखाली उघडा पडला होता.

डॉक्टरीणबाई पोराकडे वळल्या. "तूच सांग रे. कधी मिळते गोळी?"

"भांडं पडलं की," भोंग्या म्हणाला.

"भांडं पडलं की गोळी? मज्जाच आहे तुझी! आणि भांडं कधी पडतं?"

भोंग्यानं नीट विचार केला. "रोज नाही पडत. सुट्टीच्या दिवशी नक्की. बाबा घरी असतात ना."

डॉक्टरीणबाईंचं हसू ओठांवरच राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी पिशवीचे बंद सारखे करत होत्या.

"घराण्यातच आहे हे," त्या खाली बघत म्हणाल्या. "याच्या बापाला तर कवळी आहे."

"आणि आजोबांचे दात?"

आजोबांचे दात? मावशींच्या नवऱ्याचे दात मरेपर्यंत घोड्यासारखे होते. बाटलीचं झाकण तो दातानं उघडायचा. एकदा दातओठ खात त्यानं मावशींच्या दंडाचा असा चावा घेतला होता की त्याच्या दातांची ओळ अजून तिथं होती, बाहीखाली. उस्ताद तेव्हा भोंग्याएवढाच होता. याच जिन्यावर बसायचा. याच बरणीतली गोळी तोंडात धरून.

"चांगले होते," मावशी म्हणाल्या.

"मग घराण्याचं कसं म्हणायचं?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "याच्या वडिलांना लहानपणी गोळ्या कोण द्यायचं?"

मावशी भोंग्याला खुर्चीवरून उतरवू लागल्या. आधी सूज उतरायला हवी म्हणून डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं, आणि मग दाढ काढायला यायला सांगितलं.

घरी आल्यावर मावशींनी बरणी खालच्या फळीवर सरकवली. बास. त्याहून जास्त काही त्यांच्याच्यानं झालं नाही. मधल्या सुट्टीच्या दिवशी भांडं पडलं तेव्हा भोंग्या आ करून उभा राहिला, आणि त्यांनी वाकून, कंबर धरत, खालच्या फळीवरून गोळी काढून दिली. दुसऱ्या गालात ठेव, म्हणाल्या.

सूज उतरली तेव्हा दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. बाहेरच्या खोलीत एक माणूस आपल्या मुलीला घेऊन बसला होता. मुलगी भोंग्याहून लहान, तीन-चारची. कोपऱ्यात लाकडी ठोकळे ठेवले होते. दोघं लगेच जमिनीवर बसून ठोकळ्यांचं घर रचायला लागली. मुलीचा बाप वर्तमानपत्रात डोकं घालून होता, मावशी डोळे मिटून. दोघंही निर्धास्त होती.

चट् असा आवाज झाला आणि मावशींनी डोळे उघडले. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तो कोरडा आवाज.

ठोकळ्यांचं घर कोसळलं होतं, मुलीच्या कोपरानं पडलं असावं. मुलगी कुशीवर पडली होती आणि तिच्या गालावर भोंग्याची बोटं उमटली होती. अजून ती रडली नव्हती. हुंदका यायच्या आधी लहान मुलांचा श्वास घशाशी अडकतो ना, तिथं ती होती. तेवढ्यात भोंग्यानं खिशातून कागदाच्या कपट्यात जपून ठेवलेली लिमलेटची गोळी काढली, कपटा सोडवला, गोळी तिच्या तोंडात सारली आणि हनुवटीखाली बोट लावून तिचं तोंड मिटवलं. हे सारं त्यानं फार मायेनं केलं.

"चोख," तो म्हणाला. "संपेपर्यंत रडायचं नाही."

मुलगी डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत गोळी चोखायला लागली. भोंग्यानं मान वर करून आजीकडे पाहिलं, नीट जमलं ना, असं. तपकिरी खुंट दाखवत हसला.

मग वर्तमानपत्र खाली पडलं, मुलीचा बाप ओरडत उठला, त्यानं भोंग्याचं मनगट धरून त्याला उभा केला, मुलगी गोळी थुंकून आता खरोखर रडायला लागली. "कुठं शिकतं हे कार्टं असलं? घरी हेच बघतं का?" तो मावशींच्या अंगावर आला. "कोण आहे याच्या घरी?"

"मी आहे," मावशी म्हणाल्या.

त्या माणसाला वाटलं म्हातारी माफी मागतेय. तो पुटपुटत मुलीला कडेवर घेऊन बाहेर निघून गेला. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी किती पाहिलं कुणास ठाऊक. त्या भोंग्याला म्हणाल्या, "चल आत."

हिरडीत सुई गेली तेव्हा भोंग्याच्या टाचा खुर्चीवर घासल्या. डॉक्टरीणबाईंनी पकड धरली, मनगटाला जोर देऊन दाढ एकदा आत, एकदा बाहेर अशी हलवली. काहीतरी कडकन वाजलं. दाढ निघाली ती मुळाशी काळी होती, आणि रक्त जिभेखाली साचलं.

"रडलास तरी चालेल, राजा. इथं कुणी रागावत नाही."

भोंग्यानं कापसाचा बोळा दातांत धरून मान हलवली. मग आजीकडे बघून त्यानं तळहात पुढं केला. गप्प राहण्यासाठी मिळते ती मागत होता.

"आजी," डॉक्टरीणबाई हात धुताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गोळ्या बंद केल्यात तर तो रडेल."

"हो."

"त्या रडण्यालाच भिता ना तुम्ही?"

मावशींनी पोराचा पुढं आलेला हात मुठीत घेतला आणि तो तसाच धरून घरापर्यंत चालत आल्या.

त्या संध्याकाळी उस्ताद लवकर आला होता. जेवायला बसल्यावर त्यानं पोराचं तोंड उघडून खड्डा पाहिला, पाठीवर थाप मारली. "रडला नाहीस ना? शाबास." भोंग्याला त्यामुळे चेव आला आणि दवाखान्यातली हकीकत त्यानं आपणहून सांगितली. मुलीनं घर पाडलं. मग मी दिली एक. मग गोळी दिली.

उस्ताद घास थांबवून हसला. कवळी निसटेल इतका हसला. "वा रे पठ्ठ्या! मारलीस पण आणि गोळीपण दिलीस? बापाच्या पुढं गेलास."

तेवढ्यात खालून मास्तरांची हाक आली, "मावशी, आहात का?" आणि मावशी उठल्या. जिन्याच्या मधल्या पायरीवर होत्या तेव्हा त्यांना सुनेचा आवाज ऐकू आला. लग्न होऊन आल्यापासून अशा वेळी तिचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"हसू नका," सून म्हणाली.

"काय?"

"त्यात हसण्यासारखं काही नाही. हसू नका."

मावशी गल्ल्यामागं येऊन पोहोचल्या आणि वर ताट आपटलं. या वेळी ते भिंतीवर आपटलं नाही. पत्र्याचा आवाज अर्धवट दबला, म्हणजे ते माणसावर आपटलं होतं. लगोलग पाट सरकला, काहीतरी जड जमिनीवर आलं, आणि मग लाथेचा आवाज. लाथ वेगळी ऐकू येते. तिच्यामागून नेहमी श्वास बाहेर पडल्याचा आवाज येतो.

मावशींचा हात खालच्या फळीवरच्या बरणीत होता. कधी गेला ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी तो बाहेर काढून पाहिला. दोन बोटांत गोळी होती, पिवळी, साखर लागलेली.

भोंग्या धावत आला. डोळे मिटले, आ केला. दिव्याखाली त्याच्या तोंडातला खड्डा ओला आणि तांबडा दिसत होता.

"भांडं पडलं वाटतं," मास्तर साबणाच्या वडीकडे बघत म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांना आता विचारायचीही गरज उरली नव्हती. उत्तरही तेच देत होते.

मावशींनी गोळी बरणीत टाकली आणि झाकण पिळून घट्ट बसवलं. मग रेडिओ बंद केला. दुकान एकदम एवढं शांत झालं की वरची लाथ गल्लीच्या पलीकडेही गेली असणार. समोरच्या शिवणयंत्राची चाकं थांबली.

"आजी, गोळी."

"नाही," मावशी म्हणाल्या आणि त्याचं मनगट धरून जिना चढू लागल्या. गुडघे दुखत होते. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पोराला घेऊन त्या याच जिन्यानं आजवर फक्त खाली पळाल्या होत्या.

वर सून कपाट आणि भिंतीच्या बेचक्यात पडली होती. डोकं एका हाताखाली, गुडघे पोटाशी. कपाळाच्या कडेनं रक्त कानात उतरत होतं. ताट तिच्या पायाशी उपडं पडलं होतं. तिच्या तोंडात स्वतःचंच मनगट होतं. तिनं ते दातांत गच्च धरलं होतं. या घरात सगळ्यांनाच तोंडात काहीतरी धरायची सवय होती.

उस्तादनं मान वळवली. आवाज चढला नव्हता, कामात कुणी आडवं आल्यावर बोलावं तसा तो बोलला.

"आई, खाली जा. पोराला गोळी दे."

"नाही देणार."

"संपल्या?"

"बरणी भरलेली आहे. देणार नाही." मग त्या भोंग्याकडे वाकल्या. "रड."

भोंग्याला कळेना. तो आईकडे बघत होता, आईच्या कानाकडे. "संपेपर्यंत..."

"संपत नाही रे बाळा ते. मी खोटं सांगत होते. रड तू. मोठ्यानं रड."

त्याचं तोंड उघडलं, पण ते सवयीनं उघडलं होतं, गोळीसाठी. तो आ करून उभा राहिला आणि जिभेवर काहीच आलं नाही. खालचा जबडा थरथरायला लागला. आधी घशातून नुसती हवा आली, मग किनऱ्या आवाजाचा एक बारीक धागा, आणि मग इतकी वर्षं चोखून चोखून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. खिडकीची तावदानं झणाणली. बापानं ठेवलेलं नाव पोरानं खरं करून दाखवलं.

"गप कर त्याला!" उस्ताद ओरडला. "तोंड बंद कर त्याचं!"

तो पुढं आला. हात उठला तो नेहमीच्या सरावानं उठला, आणि खाली येईपर्यंत मध्ये म्हातारी उभी होती. फटका मावशींच्या तोंडावर बसला. त्या भिंतीवर गेल्या, ओठ दातांवर फाटला, आणि तोंडात कोमट खारट भरलं. नवरा गेल्यापासून ही चव त्या विसरल्या होत्या. खारटच होती ती, तेव्हाही.

उस्ताद स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिला. आईवर हात टाकायची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्याचं तोंड अर्धवट उघडं पडलं, कवळी खाली लोंबली, आणि क्षणभर तो जिन्यावर बसून गोळीची वाट बघणाऱ्या पोरासारखा आईकडे बघत राहिला. मावशींचा हात बरणीकडे जावा तसा उठलाही. बरणी तिथं नव्हती. असती तरी आता त्यांनी गोळी दिली नसती.

भोंग्याचा आवाज कमी होत नव्हता. सुनेनं मनगट दातांतून सोडलं. मावशी भिंतीला धरून खिडकीपाशी गेल्या, कडी काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. खाली गल्लीत माणसं उभी होती. सगळ्यांच्या माना वर होत्या. मास्तर दुकानातून बाहेर रस्त्यावर आले होते, हातात वडी तशीच.

"मावशी," मास्तरांनी हाक दिली. "काय पडलं?"

मावशींनी ओठावरचं रक्त बाहीनं पुसलं.

"सून पडली," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलानं पाडली. दर वेळी तोच पाडतो. भांडं एकदाही पडलं नाही. वर या."

खाली कुणी हललं नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मास्तरांनी दुकानात परत येऊन साबणाची वडी गल्ल्यावर ठेवली, चष्मा काढून नीट घडी घालून खिशात टाकला, आणि ते जिन्याकडे वळले. वर भोंगा वाजतच होता.